कॅबिनेट घरी रंगवलं (दोनदा!): अनुभव, चुका, शंका

उचापत्या

आमचा डेस्कटॉप आतून तीनदा बदलला. मदरबोर्ड बदलला, पॉवर सप्लाय बदलला, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली. कॅबिनेट मात्र पहिल्या दिवसापासूनचं. पत्रा जाड, दारं घट्ट बसतात, आत हात घालायला ऐसपैस जागा, त्यामुळे टाकवत नाही. पण रूप विचारू नका. पांढरा रंग मळकट झालेला, समोरचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं आणि उजव्या दारावर कुणीतरी (मीच) स्टिकर खरवडून काढल्याचे चरे. म्हटलं रंगवूया. गडद हिरवा.

पहिल्या प्रयत्नाबद्दल आधी सांगतो. दोन्ही दारं काढली, ओल्या फडक्याने पुसली, गच्चीत कागद पसरला आणि स्प्रे कॅनने दीड तासात काम उरकलं. संध्याकाळच्या उन्हात असं काही चकाकत होतं की चार जणांना फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी जोडून टाकलं.

आठवड्याने पंख्यावरची धूळ काढायला दार उघडायला गेलो तर दार सरकेना. जरा जोर लावला, टर्रकन आवाज आला आणि दार हातात आलं. कडेचा दोन बोटं रुंद रंग सांगाड्यालाच चिकटून राहिला होता. सुटलेल्या टोकाला नख लावून ओढलं तर पट्टाच्या पट्टा निघत गेला आणि खालचा कंपनीचा पांढरा रंग जसाच्या तसा, लख्ख. माझा रंग त्याला धरलाच नव्हता, नुसता अंगावर घेतल्यासारखा होता.

दुसऱ्या वेळी शिस्तीत केलं. प्रत्यक्ष काम चार दिवसांचं, वाट पाहणं तीन आठवड्यांचं. क्रम असा होता:

सगळं सुटं केलं. पंखे, जाळ्या, रबरी पाय, पुढच्या यूएसबीची पट्टी, पॉवर बटण, सगळं. भांड्यांच्या साबणाने पत्रे धुतले, सुकवले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मग ३२० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर). जुना रंग पूर्ण काढला नाही, त्याची चमक मारली. पृष्ठभाग सगळीकडे सारखा, मळकट दुधी दिसला की झालं. एखादा चकचकीत ठिपका राहिला असेल तर पोपडा तिथूनच सुटणार. परत पुसलं. प्रायमरचे (रंगाला पकड देणाऱ्या खालच्या थराचे) दोन हात, त्यावर ६०० नंबर पाणी लावून. रंगाचे चार पातळ हात. क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) तीन.

निम्म्याहून जास्त वेळ घासण्यात गेला. कॅन हातात असण्याचा एकूण वेळ मोजला तर तासभरही भरणार नाही.

शंका विचारा, चुका दाखवा. फोटो नंतर टाकतो.

साशंक

एवढ्या खटाटोपात नवं कॅबिनेट नसतं का आलं? हलके घ्या.

उचापत्या

आलं असतं की. मग हा धागा नसता आला.

गंजका खिळा

वाचनखूण साठवली. माझी गाड्यांच्या रंगकामात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून थोडी भर घालतो.

तुमच्या पहिल्या वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या आणि तुम्ही त्या एकत्र धरताय. पोपडा सुटला तो न घासल्यामुळे. दार चिकटलं ते मात्र रंग आतून ओला असल्यामुळे. घासून, प्रायमर मारूनही दुसऱ्या दिवशी जोडलं असतं तरी दार चिकटलंच असतं. वरून हाताला न लागणं वेगळं आणि आतपर्यंत कडक होणं वेगळं. कॅनवर '२० मिनिटांत सुकतो' लिहिलेलं असतं ते पहिल्याबद्दल. एनॅमल पूर्ण घट्ट व्हायला आठवडे घेतो, आणि हात जाड दिला असेल तर वरची साय आधी धरते, खालचं थिनर आत कोंडून राहतं.

सुकलाय की नाही हे ओळखायला माझा उपाय साधा आहे. पत्र्याला नाक लावा. वास येतोय तोवर थिनर बाहेर पडतंय. वास पूर्ण गेला की आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखाने दाबून बघा. वळ उमटला तर अजून आठवडा.

नवखा_०७

छान धागा! माझ्या कॅबिनेटचा आतला भाग चांदीसारखा नागडा पत्रा आहे, त्यावर रंगच नाही. तिथे थेट काळा मारला तर चालेल ना? बाहेरून नाही रंगवायचं, काचेतून आतलं दिसतं म्हणून.

गंजका खिळा

@नवखा_०७, थेट नको. तो चांदीसारखा दिसणारा पत्रा बहुतेक वेळा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. मुलामा गंजापासून वाचवतो, पण रंगाशी त्याचं जमत नाही. विशेषतः अल्किड, म्हणजे ज्याला आपण ऑइल पेंट किंवा साधा एनॅमल म्हणतो तो. त्यातल्या तेलाची आणि जस्ताची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. सुरुवातीला रंग छान दिसतो, काही महिन्यांनी पापडासारखा उचकटतो. लोक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात.

त्यासाठी एच (etch) प्रायमर घ्या. त्यात थोडं आम्ल असतं, ते धातूला किंचित चावून पकड घेतं. पातळ एकच हात, खालचा पत्रा जरासा दिसत राहिला तरी हरकत नाही. इपॉक्सी प्रायमरही उत्तम. आणि जस्त घासताना हात हलका ठेवा, मुलामा उडवलात तर खालचं लोखंड उघडं पडेल आणि मग माझं टोपणनाव सार्थ होईल.

एक महत्त्वाचं. पत्र्याला पोचा असेल आणि लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरायची असेल, तर एच प्रायमरच्या वर पॉलिस्टरची लांबी भरू नका. आम्लामुळे ती नीट धरत नाही. लांबी आधी, घासलेल्या धातूवर. किंवा मध्ये इपॉक्सी प्रायमर.

अर्थिंग

आतून रंगवणाऱ्यांनी जरा थांबा. सगळे दिसण्याबद्दल बोलताय, कामाचं कुणी बोलत नाही.

मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्या खुंट्या, आणि बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाभोवतीची चकाकती कडी, यांच्यातून बोर्डाचं ग्राउंड कॅबिनेटला मिळतं. पॉवर सप्लायचा डबाही मागच्या चार स्क्रूंनी पत्र्याला जोडला जातो आणि अर्थिंग तिथून येतं. रंग हा विजेच्या दृष्टीने अडसर. तेव्हा खुंट्या काढून ठेवा, त्यांच्या बुडाची जागा आणि पॉवर सप्लाय टेकतो ती चौकट मास्किंग टेपने झाका. मागची पोर्टांची पातळ पट्टी टेकते ती कडही. दिसायला कुठेच फरक पडत नाही, या जागा झाकल्याच जातात.

मल्टिमीटर असेल तर जोडणी झाल्यावर, प्लग काढलेला असताना, प्लगच्या अर्थ पिनपासून कॅबिनेटच्या एखाद्या उघड्या स्क्रूपर्यंत कंटिन्युइटी (जोडणी सलग आहे का ते) बघा. बीप वाजलाच पाहिजे.

दुसरं, आट्यांचं. भोकांच्या आट्यांमध्ये रंग गेला की स्क्रू तिरका शिरतो आणि पातळ पत्र्याच्या आट्या एका फटक्यात जातात. रंगवण्याआधी प्रत्येक भोकात एक टाकाऊ स्क्रू फिरवून ठेवा. पण कॅबिनेटमध्ये दोन जातीचे स्क्रू असतात, एक जाड आट्यांचा ६-३२ आणि दुसरा बारीक आट्यांचा एम ३. पॉवर सप्लायला पहिला लागतो, एसएसडीला दुसरा. काढतानाच दोन वेगळ्या डब्यांत ठेवा, नाहीतर चुकीचा कोंबाल.

उचापत्या

@अर्थिंग, +१. मी बोर्डाचा ट्रे रंगवलाच नाही, त्यामुळे वाचलो. अक्कल नव्हती, आळस होता.

ब्रशवाली

मी मागच्या वर्षी लेकीच्या पीसीचं कॅबिनेट दोन रंगांत केलं, मध्ये तिरकी रेघ. सगळ्यात जास्त डोकं त्या रेघेने खाल्लं. टेप कितीही घट्ट दाबली तरी दुसरा रंग खाली शिरतोच आणि रेघेला दाते पडतात.

त्यावरचा उपाय सापडला तो सांगते. आधी पूर्ण पत्रा पांढरा केला. टेप लावली. मग टेपेच्या कडेवर परत पांढऱ्याचाच एक हलका हात दिला. जे काही टेपेखाली शिरायचं ते पांढरं शिरलं, पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसतंय! फट बुजली. मग वर निळा. शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत टेप काढली, रेघेपासून लांब, मागे दुमडत, हळू. ब्लेडने कापल्यासारखी रेघ आली. लेक म्हणाली, "आई, हे तू केलंस?" त्या स्वराचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

उचापत्या, समोरच्या प्लॅस्टिकचं काय केलंत? ते कुणीच लिहीत नाहीये.

उचापत्या

प्लॅस्टिक वेगळंच प्रकरण आहे, मुद्दाम मागे ठेवलं होतं.

जुन्या कॅबिनेटचं तोंड बहुधा एबीएसचं असतं. हे प्लॅस्टिक रंगाला तसं गुणी. ४०० नंबरने घासलं, प्लॅस्टिकचा प्रायमर एक हात, की रंग धरतो. पण एसीटोन किंवा कडक थिनर लावून पुसायचा मोह टाळा. मी एका कोपऱ्यात करून पाहिलं. प्लॅस्टिक च्युइंगमसारखं चिकट झालं आणि फडक्याची वीण त्यात उमटली. ती अजून आहे, खालच्या बाजूला, रंगाखाली.

पॉवर बटणाने तर छळलंच. रंगवल्यावर सुंदर दिसत होतं. बसवलं, दाबलं आणि ते आतच अडकलं. पीसी चालू झाला, चार सेकंदांनी बंद झाला. बटण दाबून धरलं की बंद होतो ना, तसा. भोकाची कड आणि बटणाची कड, दोन्हीकडे रंगाचे थर चढल्यामुळे फट संपली होती. दोन्ही कडा ८०० नंबरने उतरवल्या तेव्हा सुटलं. म्हणजे बटणाच्या बाजू आधीच टेपने झाका, फक्त तोंड रंगवा. दिव्याची पारदर्शक काडीही झाकायची, मी विसरलो. हार्ड डिस्कचा दिवा आता फक्त मला ठाऊक असलेल्या जागी, अंधारात, किंचित दिसतो.

नवखा_०७

पिवळं पडलेलं प्लॅस्टिक रंगवण्याऐवजी परत पांढरं करता येतं असं ऐकलंय. खरं का?

अर्थिंग

येतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश, म्हणजे पेरॉक्साइडची पेस्ट फासून वर क्लिंग फिल्म गुंडाळून उन्हात ठेवायचं. हातमोजे आणि चष्मा घालून. जुन्या संगणकांचे शौकीन हे २००८च्या सुमारापासून करतायत. पण पेस्ट कमीजास्त लागली तर ढगाळ डाग पडतात आणि काही वर्षांत पिवळेपणा परतू शकतो. रंगवणारच असाल तर या भानगडीत पडू नका, पिवळं असलं तरी रंगाखाली काय फरक पडतो.

हवेतला बाण

माझे ओघळ थांबत नाहीत. कितीही काळजी घेतली तरी उभ्या पत्र्यावर खाली थेंब जमतोच. कॅन एकाच जागी धरत नाही, हलवत राहतो. तरीही. उलट बाजूने, लांबून मारलं तर रंग खरखरीत वाळूसारखा बसतो. मधला मार्ग आहे की नाही?

गंजका खिळा

आहे, मनगटात आहे.

सगळ्यात आधी पत्रा आडवा ठेवा. दोन ठोकळ्यांवर, जमिनीपासून वर. आडव्या पत्र्यावर ओघळायला जागाच नाही. उभा रंगवायची हौस नंतर.

कॅन साधारण २५ सेंटीमीटरवर, वीतभर आणि चार बोटं. आणि हात पत्र्याला समांतर सरकला पाहिजे. बहुतेक जण मनगट वळवतात, हात कमानीत फिरतो, मग मधोमध जवळून जाड आणि टोकांना लांबून कोरडं. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच पत्र्यावर असणार, बघा. बटण पत्र्याच्या बाहेर दाबायचं, पत्रा ओलांडून पलीकडे सोडायचं. सुरू करताना आणि सोडताना थुंकल्यासारखे मोठे थेंब येतात, ते पत्र्यावर नकोत. पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा.

पहिला हात इतका विरळ की खालचं दिसलं पाहिजे. 'हे काय, काहीच झाकलं नाही' असं वाटलं म्हणजे बरोबर. दहा मिनिटांनी दुसरा. झाकणं हे तिसऱ्या-चौथ्या हाताचं काम. ज्याला पहिल्या हातात झाकायचंय त्याला ओघळ मिळतात.

आलाच ओघळ तर ओला असताना बोट लावू नका, कितीही हात शिवशिवले तरी. पूर्ण कडक होऊ द्या, मग लाकडाच्या ठोकळ्याला ६०० नंबर गुंडाळून फक्त उंचवटा उतरवा.

कॅन थंड असेल तरी खरखरीत येतं. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. कोमट म्हणतोय, उकळतं नाही. ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो. आणि आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटं हलवा, घड्याळ लावून.

हवेतला बाण

मनगटच. आत्ता रिकाम्या हाताने करून पाहिलं, कमानच होतेय. दंडवत.

ब्रशवाली

यात एक भर, दमट हवेत रंगवू नका. मी लॅकरचा क्लिअर मारला तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. निळ्यावर दुधासारखी साय आली. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर धरतो. कोरड्या दिवशी वरून अगदी हलका हात दिला तेव्हा बरीचशी गेली.

साशंक

मी खवचट सुरुवात केली होती, आता खरंच वाचतोय. प्रश्न असा: प्रायमर घासून 'सपाट' झाला हे कळतं कसं? डोळ्याला तर सगळं करडंच दिसतं.

गंजका खिळा

वा, आता आलात लायनीवर. घासण्याआधी करड्या प्रायमरवर काळ्या रंगाची नुसती धूळ उडवा, लांबून, एक फूस. पत्रा ठिपकेदार होईल. मग ठोकळ्यावर पेपर लावून घासा. उंच भागावरचं काळं आधी जाईल, खड्ड्यांत काळं राहील. चरा असेल तर काळी रेघ स्पष्ट उठून दिसते. सगळं काळं गेलं की सपाट. काळं जाईना पण कडेला पत्रा दिसायला लागला, तर थांबा आणि प्रायमरचा अजून एक हात द्या. कडा आणि कोपऱ्यांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि घासताना दाब तिथेच जास्त पडतो, म्हणून शेवटच्या घासणीत कडांवर टेप चिकटवून ठेवतात.

अर्थिंग

तब्येतीवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. फवारा ज्वालाग्राही आहे, जवळपास गॅस, हीटर, उदबत्ती काही नको. आणि टू-के (दोन घटकांच्या) क्लिअरचे कॅन मिळतात, ज्यात बुडाशी बटण दाबून हार्डनर मिसळतात. फिनिश अप्रतिम, पण त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी कमी प्रमाणातही दम्याचा झटका येऊ शकतो. वासाने धोका कळत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपल्याचंही समजत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरतात. घरच्या हौसेसाठी साधा वन-के (हार्डनर नसलेला) क्लिअर बरा.

गंजका खिळा

अनुमोदन. आमच्या पिढीने हे कुठलंच पाळलं नाही आणि त्यातले दोघं आज जिना चढताना थांबतात.

नवखा_०७

माझ्या आतल्या ट्रेला रिव्हेट आहेत, त्या काढल्याशिवाय हार्ड डिस्कचा पिंजरा निघत नाही. कशा काढू? आणि पंख्याची पाती रंगवू का, पांढरी?

उचापत्या

रिव्हेटच्या टोपीवर ड्रिल. माझ्याकडे ३.२ मिमीच्या होत्या, तेवढंच बिट लावलं. फक्त टोपी उडवायची, भोक मोठं करायचं नाही. टोपी ड्रिलबरोबर गरगर फिरायला लागली तर मागून पकडीने धरायची. आणि हे सगळं मदरबोर्ड दुसऱ्या खोलीत असताना. नंतर पत्रे धुवा, सांध्यांमधून चुंबक फिरवा. लोखंडाचा कीस चुंबकाला येतो, रिव्हेटच्या ॲल्युमिनियमचा येत नाही, तो ब्रशने.

पाती नको. रंग सगळ्या पात्यांवर सारखा बसत नाही, तोल जातो आणि पंखा घरघरतो. पंख्याची चौकट रंगवा हवं तर, पाती झाकून.

नवखा_०७

धन्यवाद मंडळी. एच प्रायमर घेऊन येतो. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

उचापत्या

अपडेट. आज तेवीस दिवसांनी जोडलं. गेला आठवडाभर रोज सकाळी दाराला नाक लावत होतो, घरातल्यांनी विचारणं सोडून दिलं. परवापासून वास नव्हता, काल नखाचा वळही आला नाही.

दार सांगाड्याला टेकतं तिथे या वेळी रंग दिलाच नाही, प्रायमरवर थांबलो. दार सरकलं, जुन्या आवाजात, खट्. बटण दाबलं, वर आलं. @अर्थिंग, बीप वाजला.

मागच्या आकड्यापाशी दार सरकवताना पहिल्याच दिवशी केसाएवढा चरा पडला. कॅनच्या झाकणात थोडा रंग फवारला आणि टूथपिकच्या टोकाने भरला. दोन फुटांवरून कुणाला दिसत नाही. मला पाठमोरा बसलो तरी दिसतो.

गंजका खिळा

फोटो?

उचापत्या

काढले दहा. कॅमेऱ्यात हिरवा निळा येतोय. उद्या बाहेरच्या उजेडात काढून टाकतो.

साशंक

माझ्याकडे पण एक जुनं पडलंय माळ्यावर. ३२० नंबर म्हणालात ना?